चिंचोके, मक्याचे दाणे आणि 'गो'चा अभ्यास

काही खेळांचे नियम शिकण्यातच नवशिक्याचे चार दिवस जातात. बुद्धिबळात सहा प्रकारची मोहरी, प्रत्येकाची चाल वेगळी. 'गो' या खेळाचे तसे नाही. त्याचे नियम दहा मिनिटांत सांगून होतात आणि अकराव्या मिनिटाला दोन मुले समोरासमोर बसून खेळू शकतात. अडचण पुढे येते. नियम आले, पन्नास डाव झाले, तरी खेळ होता तिथेच राहतो. तेच खडे त्याच रीतीने मरतात आणि हरणाऱ्याला आपण नेमके कशामुळे हरलो ते कळत नाही.

ही अवस्था आपल्या शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे. भागाकाराची रीत तोंडपाठ असते, पण उदाहरण बदलले की मूल अडते. नियम येणे आणि विषय येणे यांच्यामधले हे अंतर कसे कापायचे, हा शाळेतला रोजचाच प्रश्न. गो हा खेळ तो प्रश्न एका छोट्याशा पटावर स्वच्छ मांडून दाखवतो. म्हणून नवशिक्याने या खेळाचा अभ्यास कसा करावा, ते येथे थोडे तपशिलाने पाहू.

गो मूळचा चीनचा. तेथे तो अडीच हजार वर्षांहून अधिक काळ खेळला जातो. चिनी भाषेत त्याला 'वेइची', म्हणजे वेढा घालण्याचा खेळ, म्हणतात. कोरियात त्याचे नाव 'बादुक', जपानमध्ये 'इगो'. आपल्याकडे नवकंकरी, वाघ-बकरी, सारीपाट अशी पटावरच्या खेळांची जुनी परंपरा आहे. लेण्यांच्या आणि जुन्या देवळांच्या फरशीवर कोरलेले पट आजही पाहायला मिळतात. बुद्धिबळात तर नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला. गो मात्र आपल्याकडे फारसा रुजला नाही. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीसारख्या गावी हा खेळ सुरू करायचा म्हटले, तर वर्गातल्या बहुतेकांना तो नवा असेल आणि बहुधा गुरुजींनाही. ही अडचण न मानता सोय मानावी, असे आम्हाला वाटते. सगळेच एका इयत्तेत बसलेले असताना शिकणे म्हणजे काय असते, हे जवळून पाहता येते.

पट आणि खडे

गोचा पट आणायला जालन्याला जाण्याची गरज नाही. गोमध्ये खडे चौकोनांत ठेवत नाहीत, रेषा जिथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूंवर ठेवतात. मोठ्या पटावर १९ आडव्या आणि १९ उभ्या रेषा, म्हणजे ३६१ बिंदू असतात. नवशिक्यासाठी ९ × ९ चा छोटा पट उत्तम. बुद्धिबळाच्या पटावर ८ × ८ चौकोन असतात, म्हणजेच कडा धरून दोन्ही बाजूंना ९ रेषा. तेव्हा शाळेतला बुद्धिबळाचा पट हाच गोचा छोटा पट! त्यावर ८१ बिंदू मिळतात. तोही नसेल तर खडूने फरशीवर आखून घ्यावा.

खड्यांसाठी काळ्या बाजूला चिंचोके आणि पांढऱ्या बाजूला मक्याचे दाणे घेता येतील. प्रत्येकी चाळीस-पंचेचाळीस पुरतात. घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे; काठच्या गावांतल्या मुलांना दोन रंगांचे गोटे गोळा करणेही अवघड नाही. पुढे आम्ही चिंचोक्यांना 'काळे' आणि दाण्यांना 'पांढरे' म्हणू.

नियम

काळा आधी खेळतो. नंतर दोघे आळीपाळीने एकेक खडा रिकाम्या बिंदूवर ठेवतात. एकदा ठेवलेला खडा हलवायचा नाही.

खड्याच्या शेजारी रेषेने जोडलेल्या मोकळ्या बिंदूंना आपण त्याचे 'श्वास' म्हणू. पटाच्या मध्यावरच्या एकट्या खड्याला ४ श्वास असतात, कडेवरच्याला ३ आणि कोपऱ्यातल्याला फक्त २. तिरका शेजारी धरायचा नाही. एकाच रंगाचे खडे रेषेने एकमेकांना लागून असतील तर त्यांचा एक गट होतो आणि गटाचे श्वास एकत्र मोजतात. एखाद्या खड्याचे किंवा गटाचे सगळे श्वास प्रतिस्पर्ध्याने बुजवले, की तो पटावरून उचलला जातो. एकच श्वास उरला असेल तर त्या स्थितीला जपानी भाषेत 'अतारी' म्हणतात.

ज्या जागी ठेवल्यावर आपल्याच खड्याला श्वास उरत नाही, तिथे तो ठेवता येत नाही. मात्र त्या खेळीने शत्रूचा गट उचलला जात असेल तर चालते, कारण गट उचलल्यावर श्वास मिळतो. शेवटचा नियम 'को'चा. दोघांनी एकेक खडा पुनःपुन्हा तिथल्या तिथे पकडत बसण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे डाव संपणारच नाही. म्हणून को झाल्यावर लगेच उलट पकडायचे नाही. मध्ये एक खेळी दुसरीकडे करावी लागते.

खेळण्यासारखे काही उरले नाही असे दोघांनाही वाटले की डाव संपतो. पटावर असलेले आपले जिवंत खडे आणि आपण वेढलेले मोकळे बिंदू मिळून आपला मुलूख. ८१ बिंदूंपैकी ज्याचा मुलूख जास्त तो जिंकला. पहिली खेळी करणाऱ्याला थोडा फायदा असतो, म्हणून मोठ्या स्पर्धांत पांढऱ्याला काही गुण आगाऊ देतात. जपानमध्ये ते साडेसहा आणि चीनमध्ये साडेसात आहेत. वर्गात दर डावाला रंग बदलला तरी पुरे.

नियम सांगताना मुलांकडून एक छोटे काम करून घ्यावे. मध्यावर तीन खडे सरळ रेषेत ठेवले तर गटाला किती श्वास? ८. तेच तीन खडे काटकोनात ठेवले तर? ७, कारण आतल्या कोपऱ्यातला एक बिंदू दोन खड्यांना सामाईक होतो. खडे तितकेच, पण आकार बदलला की बळ बदलते. गोचा निम्मा अभ्यास या एका वाक्यात आला.

दुसरे काम बांधाचे. नऊ बिंदूंचे, तीन बाय तीनचे शेत वेढायचे आहे. कोपऱ्यात ६ खडे लागतात, कडेला ९ आणि मध्यभागी १२. दोन बाजूंनी आयताच बांध असलेल्या तुकड्याला कुंपण कमी लागते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. आधी कोपरे, मग कडा आणि शेवटी मध्य, हा जाणत्या खेळाडूंचा शिरस्ता यातूनच आला आहे. मुलांनी तो पाठ करण्याऐवजी मोजून काढावा.

दोन डोळ्यांचा हिशेब

गोमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट नियमांत लिहिलेली नाही. ती नियमांतून निघते. पूर्ण वेढला गेलेला गट जिवंत कधी राहतो? खालच्या आकृत्यांत सर्वांत खालची ओळ ही पटाची कड आहे.

आकृती १
○ ○ ○ ○ ○ ○ ○
○ ● ● ● ● ● ○
○ ● · ● · ● ○

काळ्या गटाला बाहेरून एकही श्वास नाही. आत मात्र दोन सुटे मोकळे बिंदू आहेत. त्यांना 'डोळे' म्हणतात. पांढऱ्याने एका डोळ्यात खडा ठेवायचा म्हटले तर त्या खड्याला श्वास नाही आणि काळ्याचा दुसरा डोळा शिल्लक असल्यामुळे गटही उचलला जात नाही. म्हणून ती खेळीच करता येत नाही. दुसऱ्या डोळ्याचेही तेच. एका वेळी एकच खडा ठेवता येतो आणि दोन्ही डोळे एकदम बुजवता येत नाहीत. वेढा कितीही दिवस राहिला तरी हा गड पडत नाही. आत एकच डोळा असता तर पांढऱ्याने तो बुजवून सगळा गट उचलला असता.

आता हे पाहा.

आकृती २
○ ○ ○ ○ ○ ○ ○
○ ● ● ● ● ● ○
○ ● · · · ● ○

येथे आत तीन बिंदू ओळीने मोकळे आहेत. खेळी काळ्याची असेल तर तो मधल्या बिंदूवर खडा ठेवतो, आकृती १ तयार होते आणि गट जगतो. खेळी पांढऱ्याची असेल तर तोही मधल्याच बिंदूवर बसतो. मग काळ्याने काहीही केले तरी दोन डोळे होत नाहीत आणि गट मेला असे समजायचे. बिंदू एकच, तोच दोघांनाही मोलाचा. 'शत्रूची उत्तम जागा तीच आपली उत्तम जागा' अशा अर्थाचे एक वचन गो खेळणाऱ्यांत प्रचलित आहे. त्याचा अर्थ या एका आकृतीवरून मुलांना समजतो.

अशा छोट्या कोड्यांना जपानीत 'त्सुमेगो' म्हणतात. आपण त्यांना जीवन-मरणाची कोडी म्हणू. नवशिक्याच्या अभ्यासाचा हा मुख्य आहार आहे. तो का, हे समजण्यासाठी थोडे बाजूला जाऊन एका यंत्राची गोष्ट पाहावी लागेल.

यंत्राची पहिली तीन तास

१९९७ साली 'डीप ब्ल्यू' या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला हरवले. गोमध्ये तसे व्हायला आणखी १९ वर्षे लागली. कारण शक्यतांची संख्या. १९ × १९ च्या पटावर नियमात बसणाऱ्या मांडण्या किती, हे जॉन ट्रॉम्प यांनी २०१६ मध्ये नेमके मोजून काढले. ती संख्या १७१ अंकी आहे. दृश्य विश्वातल्या अणूंच्या संख्येचा जो अंदाज केला जातो तो ८०-८१ अंकांच्या आसपास थांबतो. सगळ्या शक्यता तपासून खेळणे येथे यंत्रालाही जमणारे नव्हते.

मार्च २०१६ मध्ये सोल येथे 'अल्फागो' या प्रणालीने कोरियाचा श्रेष्ठ खेळाडू ली सेडॉल याला पाच डावांच्या सामन्यात ४-१ ने हरवले. अल्फागो माणसांच्या डावांवर शिकली होती. २०१७ मध्ये तिची पुढची आवृत्ती 'अल्फागो झीरो' आली. तिला फक्त नियम दिले होते. माणसाचा एकही डाव दाखवला नव्हता. स्वतःशीच खेळत ती तीन दिवसांत सुमारे ४९ लाख डाव खेळली आणि ली सेडॉलला हरवणाऱ्या आवृत्तीला तिने १०० पैकी १०० डावांत हरवले.

शिक्षकांच्या दृष्टीने या निकालापेक्षा मधला प्रवास मोलाचा आहे. संशोधकांनी नोंदवले आहे की पहिल्या तीन तासांनंतर हे यंत्र अगदी नवशिक्या माणसासारखे खेळत होते. दिसेल तो खडा पकडण्याच्या मागे धावत होते. मुलूख, गटांचे जीवन-मरण यांची समज त्याला बऱ्याच नंतर आली. म्हणजे हावरेपणाने खडे पकडत सुटणे हा आपल्या मुलांचा दोष नाही. शिकण्याच्या वाटेवरचा तो एक टप्पा आहे. त्यावर रागावून उपयोग नाही आणि मूल तिथेच रेंगाळू नये हेही पाहायला हवे.

दुसरी नोंद तर फारच बोलकी आहे. गोमध्ये 'शिडी' नावाचा प्रकार आहे. अतारीत सापडलेला खडा एक पाऊल पळतो, त्याला दोन श्वास मिळतात. शत्रू त्यांतला एक बुजवतो, पुन्हा अतारी. खडा वळून पुन्हा पळतो. अशी नागमोडी पळापळ जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरकी तिरकी जात पटाच्या कडेला भिडते आणि तिथे संपूर्ण रांग पकडली जाते. जितके जास्त पळावे तितके जास्त खडे गमवावे. वाटेत आपला एखादा खडा आधीपासून असेल तरच सुटका. माणसाला ही शिडी पहिल्या काही दिवसांतच शिकवतात, एकदा दाखवली की कळते. अल्फागो झीरोला मात्र ती बरीच उशिरा उमगली. लाखो डाव खेळणाऱ्या यंत्राला जे शोधून काढायला वेळ लागला, ते फळ्यावर पाच मिनिटांत सांगता येते!

यातून आपल्या कामाची वाटणी स्पष्ट होते. काही गोष्टी सांगून टाकाव्यात: नियम, शिडी, दोन डोळे. त्या मुलाने स्वतः शोधाव्यात म्हणून वर्षभर थांबण्यात शहाणपण नाही; मुलाजवळ ४९ लाख डाव खेळण्याइतका वेळ नसतो. काही गोष्टी मात्र कितीही सांगितल्या तरी पोचत नाहीत, त्या दिसाव्या लागतात.

जाणत्याला काय दिसते?

'दिसणे' म्हणजे काय, याचा एक प्रसिद्ध प्रयोग बुद्धिबळावर झालेला आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. निष्णात खेळाडूला आणि नवशिक्याला खऱ्या डावातली एक मांडणी पाच सेकंद दाखवायची, मग झाकून ती आठवणीने पुन्हा मांडायला सांगायचे. निष्णात खेळाडूने नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी बरोबर मांडली. नंतर मोहरी वाटेल तशी विखरून दाखवली. आता मात्र त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. त्याची स्मरणशक्ती सामान्यच होती. त्याला सुटी मोहरी दिसत नव्हती, मोहऱ्यांचे ओळखीचे समूह दिसत होते. आपण 'घनसावंगी' हा शब्द वाचताना अक्षरे सुटी मोजत नाही, तसेच हे.

जुडिथ राइटमन यांनी १९७६ मध्ये गोच्या खेळाडूंवर असाच अभ्यास केला. तेथेही अर्थपूर्ण मांडणीत जाणत्याची स्मृती नवशिक्यापेक्षा सरस ठरली. गोमध्ये आणखी एक गोष्ट आढळली. जाणत्याच्या मनातले हे समूह एकमेकांत मिसळलेले असतात. एकच खडा दोन-तीन आकारांचा भाग म्हणून पाहिला जातो.

म्हणजे नवशिक्याला जे कमवायचे आहे ते म्हणजे आकारांचा साठा. आकृती २ मधले 'ओळीतले तीन' एकदा नीट ओळखीचे झाले, की खऱ्या डावात तो आकार दिसताच मधला बिंदू आपोआप डोळ्यांत भरतो. विचार करायला वेळ उरतो तो पुढच्या गोष्टींचा. हा साठा वाढवण्याचे साधन म्हणजे छोटी कोडी. शंभर साधी कोडी सोडवणे हे दहा अवघड कोड्यांशी झटत बसण्यापेक्षा नवशिक्याला अधिक उपयोगाचे, असे अनुभवी शिक्षक सांगतात.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच घनसावंगी तालुक्यात आहे. त्यांच्या दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. अक्षर घोटून घोटून असे करावे की ग्रंथाच्या आरंभापासून शेवटपर्यंत ते एकसारखे दिसावे, असा त्यातला भाव आहे. वळण हातात बसले की लिहिणाऱ्याचे लक्ष अक्षराकडून अर्थाकडे जायला मोकळे होते. गोमधल्या कोड्यांचे कामही हेच, वळण बसवण्याचे.

कोडे सोडवताना एक पथ्य पाळावे. उत्तर आधी पाहू नये. अंदाजाने एक खेळी सांगून मोकळेही होऊ नये. 'मी इथे, तो तिथे, मग मी इथे' असे शेवटपर्यंत मनात वाचावे आणि मगच खडा ठेवावा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तो स्वतः आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिले. मनाला खेचून काढायला लावलेले ज्ञान टिकते. उत्तरे पाहत पाहत कोडी 'वाचली' तर सगळे कळल्यासारखे वाटते आणि डावात काही आठवत नाही.

हरलेल्या डावाचे काय करायचे?

कोड्यांनी आकार दिसू लागतात, पण ते कुठे वापरायचे हे डावातच कळते. म्हणून डाव हवेतच, पुष्कळ हवेत आणि सुरुवातीला ते झटपट व्हावेत. 'पहिले शंभर डाव लवकर हरून मोकळा हो' असा सल्ला गोमध्ये नवशिक्याला हसत हसत देतात. ९ × ९ वरचा डाव पंधरा-वीस मिनिटांत संपतो. अगदी लहान मुलांसाठी तर याहूनही सोपा प्रकार आहे: जो पहिला खडा पकडेल तो जिंकला. जपानचे व्यावसायिक खेळाडू यासुतोशी यासुदा यांनी हाच प्रकार बालवाड्यांतून नेला.

मात्र नुसते हरून कोणी शिकत नाही. हरलेला डाव पुन्हा पाहावा लागतो. त्यासाठी तो लिहिलेला हवा. गणिताच्या चौकटीच्या वहीत ९ × ९ चा पट आखावा आणि प्रत्येक खेळीच्या जागी तिचा क्रमांक लिहावा: १, २, ३. तिसऱ्या मुलाला लेखनिक करावे. त्याचाही खेळ पाहून होतो. डाव संपल्यावर दोघांनी वहीवरून तो पुन्हा मांडावा आणि एकच प्रश्न विचारावा: हा गट कोणत्या खेळीनंतर वाचणे शक्य नव्हते?

पहिले उत्तर बहुधा चुकीचे येते. गट उचलला गेला तिसाव्या खेळीला, म्हणून मूल तिसाव्या खेळीवर बोट ठेवते. मागे जात गेले की दिसते, एकोणतिसावीलाही तो मेलेलाच होता, सत्ताविसावीलाही. शेवटी अठराव्या खेळीशी येऊन बोट थांबते. तिथे एक श्वास राखायला हवा होता आणि तेव्हा आपण पलीकडे एक दाणा पकडण्यात गुंतलो होतो. गणिताच्या वहीत उत्तर चुकलेले दिसते शेवटच्या ओळीत, पण चूक असते तिसऱ्या ओळीत. आपण लाल रेघ शेवटच्या ओळीवर मारतो. मुलाला तिसरी ओळ शोधायची सवय लावणे हे मोठे काम आहे आणि त्यासाठी गोइतके सोयीचे साधन क्वचित सापडेल, कारण येथे गुण कापले जात नाहीत.

येथे शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करू नये. 'इथे असे खेळायला हवे होते' हे वाक्य फार सोपे असते. त्याऐवजी डाव अठराव्या खेळीपर्यंत मांडून ठेवावा आणि तिथून दोघांना पुन्हा खेळू द्यावे. दोन-तीन निराळे शेवट झाले की मुलालाच फरक दिसतो. शिक्षकालाही तो त्याच वेळी दिसला, तरी त्यात कमीपणा नाही.

कमी-जास्त ताकदीचे खेळाडू

महिन्याभरात वर्गात तफावत पडते. काही मुले झपाट्याने पुढे जातात, काही सतत हरतात. एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसवणाऱ्या शिक्षकाला हा प्रश्न नवा नाही. गोने त्यावर जुनाच उपाय ठेवला आहे. कमी ताकदीचा खेळाडू काळे घेतो आणि डाव सुरू होण्यापूर्वी त्याचे काही खडे पटावर ठेवलेले असतात. मोठ्या पटावर २ पासून ९ पर्यंत आगाऊ खडे देतात. खेळाडूंच्या श्रेणींतही हेच माप आहे: नवशिका साधारण ३० 'क्यू'पासून सुरू करतो, १ क्यूपर्यंत चढतो आणि पुढे 'दान' श्रेणी लागते, दोन खेळाडूंत जितक्या श्रेणींचे अंतर तितके आगाऊ खडे.

छोट्या पटावर २ ते ४ आगाऊ खडे पुरतात. सलग तीन डाव जिंकले की एक खडा कमी, सलग तीन हरले की एक जास्त, असा नियम वर्गात लावता येईल. मग प्रत्येक डाव चुरशीचा होतो. हुशार मुलाला सहज विजय मिळत नाही आणि मागे पडलेल्याला हरण्याची सवय लागत नाही. आगाऊ खडे ही दया नव्हे, ते एक माप आहे. गेल्या महिन्यात चार लागत होते, आता दोन लागतात, ही प्रगती मुलाला स्वतःच मोजता येते. इतरांमध्ये आपला क्रमांक कितवा, हे विचारण्याची गरज पडत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गो खेळल्याने गणिताचे गुण वाढतात, बुद्धी तल्लख होते, असे आश्वासन आम्ही देणार नाही. बुद्धिबळ, संगीत अशा गोष्टींतले कौशल्य दुसऱ्या विषयांत आपोआप उतरते का, यावर झालेल्या अभ्यासांची छाननी साला आणि गोबे यांच्यासारख्या संशोधकांनी केली आहे. असा परिणाम फार थोडा दिसतो, हा त्यांचा निष्कर्ष. गोमधले आकार गोमध्येच कामाला येतात. वर्गात येऊ शकते ती अभ्यासाची रीत, आणि तीसुद्धा शिक्षकाने बोट दाखवले तर: सोपे पुष्कळ सोडवा, उत्तर न पाहता सोडवा, चुकलेले मांडून ठेवा, चूक जिथे सुरू झाली तिथपर्यंत मागे जा.

पहिल्या महिन्याचा बेत असा ठेवता येईल. पहिल्या आठवड्यात 'पहिला खडा पकडा' आणि श्वास मोजणे. दुसऱ्यात शिडी आणि दोन डोळे, सोबत रोज फळ्याच्या कोपऱ्यात एक कोडे. उत्तर दुसऱ्या दिवशी, तेही मुलांकडून. तिसऱ्यात मुलूख मोजून पूर्ण डाव. चौथ्यात वहीत लिहिलेला एक डाव सगळ्या वर्गाने मिळून मागे पाहणे. रोज वीस मिनिटे मिळाली तरी बेत पार पडतो.

फळ्यावरच्या पहिल्या दोन कोड्यांपासून आजच सुरुवात करता येईल. आकृती २ मध्ये आत तीनऐवजी चार बिंदू ओळीने मोकळे असले आणि खेळी पांढऱ्याची असली, तर काळा जगेल का? आणि तेच चार बिंदू ओळीत नसून दोन बाय दोनच्या चौकोनात असले, तर? दोन्ही मांडण्यांत जागा सारखीच आहे. उत्तरे मात्र सारखी नाहीत. चिंचोके आणि दाणे मांडून मुलांना ती शोधू द्या.